ऐंशीच्या बाजूने

आपल्याकडे गाडी घेण्याआधीचा पहिला प्रश्न ‘किती देते?’ असा असतो आणि गाडी घेतल्यानंतरची पहिली बढाई ‘किती पळते!’ अशी असते. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मधल्या काळात कुणाच्या डोक्यात येत नाही. दोन गाड्यांच्या मायलेजमध्ये लिटरमागे दीड किलोमीटरचा फरक आहे म्हणून घरात आठवडाभर चर्चा करणारा माणूस पुढच्याच महिन्यात एक्सप्रेसवेवर लिटरमागे चार किलोमीटर हवेत उडवतो. आणि सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सांगतो, “वाकड ते वाशी, सव्वा तासात मारलं.”

‘मारलं’ हा शब्दही बघा. रस्ता कापतात, अंतर मारतात. कुणी ‘आज बारा लिटरच्या जागी आठ लिटरमध्ये आलो’ असं सांगितलं तर टेबलावरचे सगळे त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतील. पेट्रोल वाचवणं हे आपल्या मनात काकालोकांचं काम आहे. तरुण माणसाने गाडी बुंगाट चालवायची असते.

माझा या सगळ्याला विरोध आहे, आणि तो नीतिमत्तेच्या नाही तर हिशोबाच्या बाजूने आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मेकॅनिकलवाला नाही. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्याच ब्रांचना मेकॅनिक्स असतं आणि या प्रश्नाला तेवढं पुरतं. हायवेवर पेट्रोल कारसाठी शहाणा वेग ८० ते ९० आहे, आणि १२० हा आकडा कुठल्याही वहीत जमेच्या बाजूला बसत नाही, असं माझं म्हणणं आहे. ते पटलं नाही तर निदान खोडून तरी काढा. हसण्यावारी नेऊ नका.

हवेचं बिल

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात. एक, टायरचं रस्त्याशी दबणं-उसळणं. ही ओढ वेगाबरोबर फारशी बदलत नाही. दुसरी, हवा. ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट, तर ओढ चौपट.

एक साधी हॅचबॅक घेऊ. माणसांसकट वजन १२०० किलो. समोरून दिसणारा आकार आणि त्याचा हवेत शिरण्याचा गुणांक यांचा गुणाकार ०.७ चौरस मीटर धरू. आता न्यूटन वगैरे बाजूला ठेवून किलोमध्ये बोलू, म्हणजे तेवढं वजन उचलायला जेवढं बळ लागतं तेवढं. टायरची ओढ साधारण १२ किलो. ६० च्या वेगाला हवेची ओढही तेवढीच, १२ किलो. ८० ला ती २१ होते. १०० ला ३३. आणि १२० ला जवळजवळ ४८ किलो.

म्हणजे १२० ला गाडीच्या नाकावर कुणीतरी सिमेंटची गोणी टांगून ठेवली आहे आणि इंजिन ती नागपूरपासून मुंबईपर्यंत ढकलत नेतंय. ८० ला हीच गोणी अर्ध्याहून कमी भरते. टायर, रस्ता, वजन, सगळं तेच आहे. फक्त तुमच्या उजव्या पायाचा कोन बदललाय. आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर १०० ने जाताना हवेची ओढ १२० एवढीच लागते.

मग ३० ने गेलं तर सगळ्यात स्वस्त पडेल का? नाही. इंजिनाला स्वतः फिरायलाच पेट्रोल लागतं. आतलं घर्षण, पंप, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर यांना गाडी किती वेगाने चाललीय याच्याशी देणंघेणं नसतं, ती तासाच्या हिशोबाने पितात. हळू गेलात तर तास वाढतात. त्यामुळे एका टोकाला हे ‘तासाचं बिल’, दुसऱ्या टोकाला ‘हवेचं बिल’, आणि मध्ये कुठेतरी खड्डा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा खड्डा वरच्या गिअरमध्ये, ५०-६० च्या आसपास येतो. तेल वाचवण्याचा प्रचार करणारी ‘पीसीआरए’ ही सरकारी संस्था कित्येक वर्षं ४५ ते ५५ हा वेग सांगत आली आहे, ते याच कारणाने.

इथे एक हुशार माणूस हात वर करतो. “पण इंजिन जास्त लोडला जास्त एफिशियंट असतं ना?” असतं. तो मुद्दा खरा आहे आणि मी तो हिशोबात घेतलाय. ६० ला इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेतला २० टक्के भाग चाकापर्यंत पोचवतं असं धरू, ८० ला २४, १०० ला २७, १२० ला २९. लिटरमागे ३२ मेगाज्यूल ऊर्जा. गणित करा, लिटरमागे साधारण असं येतं:

६० च्या वेगाला – २७ किलोमीटर
८० ला – साडेतेवीस
१०० ला – साडेएकोणीस
१२० ला – सोळा

इंजिन सुधारलं, पण मागणी त्याच्याहून वेगाने वाढली. पगार दहा टक्के वाढला आणि भाडं तीस टक्के, तर तुम्ही श्रीमंत झालात असं कुणी म्हणत नाही. तुमची गाडी एसयूव्ही असेल तर हे आकडे आणखी वाईट होतील, कारण ती हवेला जास्त मोठी छाती दाखवते. छतावर कॅरिअर बांधून ठेवला असेल तर बोलायलाच नको. डिझेल असेल तर आकडे वर सरकतील. पण उतरण तशीच राहील. उतरण हीच माझी केस आहे, आकडे नाहीत.

वेळेचा तासाचा भाव

आता सगळ्यात आवडता युक्तिवाद. “वेळ म्हणजे पैसा.” ठीक आहे, मग भाव काढू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे. घाट आणि ट्रॅफिक क्षणभर विसरा. ६० ऐवजी ८० ने गेलात तर साधारण २४ मिनिटं वाचतात आणि अर्धा लिटर जास्त लागतं. वाचलेल्या तासाचा भाव पडला दीडशेच्या आत. स्वस्त सौदा, जरूर घ्या. म्हणूनच मी ५५ च्या बाजूने नाही, ८० च्या बाजूने आहे. सरकारी पत्रकातला वेग कागदावर बरोबर आहे, पण एक्सप्रेसवेवर ५५ ने जाणारी कार स्वतःचा आणि मागच्याचा जीव धोक्यात घालते.

८० ऐवजी १०० ने गेलात, तर १४ मिनिटं वाचतात आणि ८५-९० रुपयांचं पेट्रोल जास्त जळतं. तासाचा भाव साडेतीनशेच्या वर गेला.

१०० ऐवजी १२० ने गेलात (या रस्त्यावर कारला मर्यादा १०० ची आहे, म्हणजे हा बेकायदा सौदा, पण हिशोबापुरता बघू), तर जेमतेम साडेनऊ मिनिटं वाचतात आणि १२० रुपये जातात. तासाचा भाव साडेसातशे.

बघा काय झालं. दर वेळी वेग वीसनेच वाढवला. पण वाचणारा वेळ आटत गेला, २४, १४, साडेनऊ. आणि त्याचा भाव दर वेळी दुप्पट किंवा त्याहून जास्त झाला. जगातला कुठलाही दुकानदार असं दुकान चालवत नाही, आणि चालवलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येत नाही. आपण मात्र रोज जातो, कारण या दुकानात भाव लिहिलेला नसतो.

महिन्याला लाखभर पगार घेणाऱ्या माणसाचा कामाचा तास साधारण ५७० रुपयांचा असतो. म्हणजे त्याच्याही हिशोबाने १२० हा सरळ तोट्याचा धंदा आहे. १०० चा वेग त्याला कागदावर परवडतो. पण ती १४ मिनिटं त्याच्या हातात पडतात का? एक्सप्रेसवे संपतो तिथे वाकडचा सिग्नल असतो, नाहीतर कळंबोलीचा जॅम. तुम्ही १४ मिनिटं आधी येऊन त्याच रांगेत उभे राहता ज्यात ८० वाला तुमच्या मागे आठ गाड्या सोडून उभा राहतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सांगायची गरज नसावी. सिस्टिमचा वेग सगळ्यात हळू भागावर ठरतो. तो भाग सोडून बाकीचं कितीही ऑप्टिमाइझ करा, युजरला फरक दिसत नाही.

नागपूर, टाकी आणि थांबा

कुणी म्हणेल, मुंबई-पुणे लहान रस्ता आहे, समृद्धीवर फरक पडतो. चला समृद्धीवर. ७०१ किलोमीटर, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. कारला मर्यादा १२०. आखणी १५० च्या वेगाची आहे, हे सांगताना आपले लोक असे फुलतात जणू तो डांबर-सिमेंटचा गुण नसून मराठी माणसाचा गुण आहे.

१२० ने न थांबता गेलात तर पाच तास पन्नास मिनिटं, ४४ लिटर. ८० ने गेलात तर पावणेनऊ तास, ३० लिटर. फरक जवळपास तीन तासांचा आहे, मोठा आहे, मी तो लपवत नाही. पण आपल्याकडच्या लोकप्रिय हॅचबॅकच्या टाक्या ३५-३७ लिटरच्या असतात. म्हणजे ८० वाला एका टाकीत पोचतो आणि १२० वाल्याला वाटेत पंप शोधावा लागतो. सहा तास सलग १२० ने गाडी चालवून डोळे ताठ ठेवणं कुणालाही जमत नाही, तेव्हा चहा-थांबेही त्याचेच जास्त आणि लांब. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता डोळ्यांवर झापड आणतो आणि वेग जितका जास्त तितकी त्या झापडीची किंमत जास्त. कागदावरचे तीन तास रस्त्यावर किती उरतात, ते प्रत्येकाने मोजावं.

९० ने गेलात तर पावणेआठ तास लागतात. समृद्धीवर माझं मत ९० ला आहे. बाकी काही नाही तरी पोचल्यावर माणूस माणसासारखा बोलतो.

चौघांचा युक्तिवाद

माझ्या हिशोबाविरुद्धचा सगळ्यात दमदार मुद्दा ‘इंजिन’वाला नाही, हा आहे. गाडीत चार माणसं असतील तर वेळ चौघांचा वाचतो, पेट्रोल मात्र एकाच गाडीचं जळतं. म्हणजे साडेसातशेचा भाव माणशी एकशे नव्वदवर येतो. मग १२० परवडलं की!

परवडलं असतं, जर बिलात फक्त पेट्रोल असतं. चौघांचा वेळ मोजणार असाल तर चौघांचा जीवही मोजा. समोर अचानक बंद पडलेला ट्रक दिसला. मेंदूला कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद, आणि मग कोरड्या रस्त्यावर चांगल्यापैकी ब्रेक. ८० वाली गाडी साधारण ६९ मीटरवर थांबते. १०० वालीला ९७ मीटर लागतात, १२० वालीला १२९. हे सगळे ऐकून असतात. पण यापुढचा आकडा बघा. ज्या ६९ मीटरवर ८० वाली गाडी थांबून चालकाने सुस्कारा सोडलेला असतो, त्याच जागी १२० वाल्या गाडीचा वेग अजून ताशी १०५ असतो. दीड सेकंदात ती ५० मीटर नुसती पळाली आणि उरलेल्या १९ मीटरमध्ये ब्रेकने जेमतेम पंधराचा वेग खाल्ला.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालात त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. पोलिसांनी भरलेल्या रकान्यावर शंका घ्यायला जागा आहे. वेगाच्या वर्गावर नाही. हवेची ओढ वर्गाने वाढते आणि धडकेची ऊर्जाही वर्गानेच वाढते. पेट्रोल खाणारं आणि माणूस खाणारं गणित एकच आहे, म्हणून मी या दोन गोष्टी वेगळ्या लिहीत नाही.

“हळू चालवणंच धोक्याचं असतं” हा याच मुद्द्याचा धाकटा भाऊ. त्यात अर्धं सत्य आहे. धोका वेगातल्या फरकाचा असतो. पण मालवाहू गाड्यांना ८० चा गव्हर्नर सक्तीचा आहे. म्हणजे रस्त्यावरची अर्धी दुनिया आधीच ८० च्या आत चालते. तिच्या जवळपासच्या वेगाने मधल्या लेनमधून जाणारा फरक कमी करतो, चाळीसने जास्त वेगात तिच्यामधून नागमोडी जाणारा फरक वाढवतो. उजव्या लेनमध्ये रांगणारे ट्रक हा खरा त्रास आहे, आणि लेनची शिस्त लावणं हे सरकारचं काम आहे. त्याबद्दल ओरडा, मीही तुमच्याबरोबर ओरडतो. पण ट्रक चुकीच्या लेनमध्ये आहे हे डाव्या बाजूने १२० ने काढायचं कारण होत नाही.

इथेनॉलवर आरडाओरडा, पायावर मौन

२०२५ मध्ये ई-२० पेट्रोलवरून जो गदारोळ झाला तो आठवा. मायलेज पडलं, सरकारने खिसा कापला, रील्सचा पाऊस. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजी आणि पंपावर पर्याय न मिळणं या तक्रारी रास्त आहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिसळल्यावर लिटरमागची ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी उतरते, हेही साधं गणित आहे.

पण मग हेही साधं गणितच आहे. ८० वरून १०० वर गेल्यावर मायलेज सतरा टक्के पडतं. १०० वरून १२० वर गेल्यावर उरलेल्यातलं आणखी एकोणीस टक्के. सरकारने घेतलेल्या सात टक्क्यांसाठी तुम्ही रील बनवलं, आणि ते बनवायला जाताना पायाने त्याच्या दुपटीहून जास्त दिलंत. सरकारला जाब विचारायला माझी हरकत नाही. फक्त जाब विचारणाऱ्याचा स्पीडोमीटर कुठे होता, एवढं मला बघायचं आहे.

कंपन्यांवरचा रागही तसाच. “एआरएआयचं मायलेज खोटं असतं.” खोटं नसतं, वेगळं असतं. आपल्याकडच्या ज्या ‘ड्रायव्हिंग सायकल’वर इतकी वर्षं कारचं मायलेज मोजलं गेलं, ती प्रयोगशाळेत रोलरवर चालते. तिचा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल वेग ९०. म्हणजे त्या परीक्षेत १२० हा प्रश्नच नसतो. ज्या विषयाची परीक्षाच झाली नाही त्यात गाडी नापास झाली म्हणून रडण्यात काय अर्थ आहे?

ज्यांना भाव दिसतो ते

आता दोन प्रकारचे लोक बघा ज्यांना वेगाचा भाव रोज दिसतो.

पहिले, इलेक्ट्रिक गाडीवाले. मोटर कमी लोडलाही चांगली चालते, त्यामुळे इथे इंजिनासारखी ‘जास्त वेगाला एफिशियन्सी सुधारते’ ही सूट जवळजवळ मिळत नाही. हवेचं बिल थेट बॅटरीवर येतं. स्क्रीनवर उरलेले किलोमीटर दिसतात आणि १०० च्या पुढे गेलं की ते डोळ्यांसमोर वितळतात. काय होतं मग? महिन्याभरात हाच माणूस, जो पेट्रोल गाडी ताणायचा, मुकाट ८५ वर क्रूझ लावतो. त्याला कुणी प्रवचन दिलं नाही, फक्त बिल दाखवलं. आणि चार्जरवर जाणारा वेळ धरला की कधीकधी हळू जाणाराच आधी पोचतो.

दुसरे, धंद्यावाले. एसटीत ‘केपीटीएल’ मोजतात, दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर. ट्रकवाल्याला फेरीचं डिझेल ठरवून मिळतं, वाचलं ते त्याचं. या लोकांना पायाची किंमत कळते. पण कळण्याला ज्ञानाची जोड नसेल तर काय होतं तेही इथेच दिसतं. बोरघाटाच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे ट्रक, आणि मग तापून निकामी झालेले ब्रेक. खरं तर आताच्या इंजिनात गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे जीवही जातो आणि डिझेलही. काटकसरीच्या नावाखाली न्यूट्रल टाकू नका, हे कारवाल्यांनाही लागू.

एक्सप्रेसवेवर आता कॅमेरे आले. त्यावर आपला तोडगा म्हणजे कॅमेऱ्याआधी करकचून ब्रेक, कॅमेऱ्यानंतर परत १२०. दर वेळी १२० वरून ८० वर ब्रेकने येऊन परत १२० गाठायला अंदाजे ४० मिली पेट्रोल लागतं. चलान वाचवायला चार रुपये टोल. आणि तो टोल आपण आपल्याच ब्रेक पॅडला भरतो.

एकट्याने काय होतं

काहीच होत नाही, हे मान्य. म्हणून देश हे काम एकेकट्यावर सोडत नाहीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये अख्ख्या देशात ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८९ किलोमीटरची मर्यादा लावली. लोकांनी ती सर्रास मोडली, तेल अपेक्षेपेक्षा कमी वाचलं, आणि १९९५ मध्ये कायदा गेला. पण १९७३ मध्ये तिथे रस्त्यांवर ५४ हजार माणसं मेली होती, १९७४ मध्ये ४५ हजार. लोकांनी गाड्या कमी चालवल्या हेही त्याचं एक कारण. तरी तेलासाठी केलेल्या कायद्याने माणसं वाचवली, हे नाकारता येत नाही. त्याच संकटात जर्मनीनेही काही महिने ऑटोबानला १०० चं कुंपण घातलं होतं. २०२० मध्ये नेदरलँड्सने हवेतल्या नायट्रोजनच्या प्रश्नावरून दिवसा १०० ची मर्यादा आणली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे तेल भडकलं तेव्हा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सुचवलेल्या दहा उपायांत हायवेवरचा वेग निदान दहा किलोमीटरने कमी करा, हा उपाय होता. यातला कुणीही गरीब किंवा मागासलेला देश नव्हता.

आपण मात्र लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो आणि मर्यादा वाढली की पेढे वाटतो. २०१८ मध्ये एक्सप्रेसवेवर कारला १२० ची परवानगी मिळाली तेव्हा ती प्रगतीची बातमी होती. रस्ता १५० च्या वेगाला टिकेल, हे रस्त्याचं कौतुक आहे. त्यावरून तुम्ही १५० ने जावं असा निष्कर्ष निघत नाही. पुलाची क्षमता ४० टनांची असते म्हणून आपण डिकीत दगड भरून निघत नाही.

मागणं काय आहे

मर्यादा उद्याच कमी करा, हे माझं पहिलं मागणं नाही. पहिलं मागणं आहे भाव लिहा. प्रत्येक नव्या कारच्या काचेवर ८०, १०० आणि १२० या तीन स्थिर वेगांचं मायलेज छापणं सक्तीचं करा. चाचणी करायला एआरएआय पुण्यात टेकडीवर बसलेलीच आहे. फ्रिजवर तारे लावले, सिगारेटच्या पाकिटावर चित्र लावलं, गाडीच्या काचेवर तीन आकडे लावायला कुणाची हरकत असेल? हरकत घेणारी पहिली कंपनी कोणती ते बघायलाही मजा येईल.

दुसरं, टोलनाक्यानंतर ‘वेग मर्यादा १२०’च्या पाटीशेजारी एक पाटी. याच वेगाला लागणारं पेट्रोल आणि ८० ला लागणारं पेट्रोल, रुपयांत. बाकी उपदेश नको. ‘घरी कुणीतरी वाट पाहतंय’च्या पाट्यांनी कुणाचा पाय उचललेला मी पाहिला नाही. रुपयांच्या पाटीने उचलेल. आपण तेवढे हिशोबी लोक आहोत.

तिसरं मागणं तुमच्याकडे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. टायरची हवा नीट करा, एसी एकाच सेटिंगला ठेवा, ट्रिप मीटर शून्य करा. मोकळा सपाट वीस किलोमीटरचा पट्टा निवडा. ८० ला क्रूझ लावून जा आणि तसेच परत या, म्हणजे वारा आणि चढ-उतार एकमेकांना खोडतील. मग हेच १०० ला करा. स्क्रीनवरचे दोन आकडे लिहून घ्या. ज्यांच्या गाडीला स्क्रीन नाही त्यांनी टाकी ते टाकी मोजा, जरा जास्त दिवस लागतील. माझे आकडे चुकीचे निघाले तर तुमचे लावा, हिशोब तसाच चालेल.

आणि ते दोन आकडे सोमवारी कॅन्टीनमध्ये सांगा. कुणी म्हणालं, सव्वा तासात मारलं, तर त्याला शांतपणे विचारा: कितीला पडलं?